माहेर की गाव? जुन्या पोलिश नोंदींच्या भाषांतराचं एक प्रकरण

हे प्रकरण संबंधित कुटुंबाच्या संमतीने लिहीत आहे. माणसांची नावं आणि आडनावं बदलली आहेत, धर्मग्रामाचं (पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीचं) नाव मुद्दाम दिलेलं नाही. आडनाव बदलताना मूळ आडनावाला लागू होणारं व्याकरण मात्र तेच राहील अशी काळजी घेतली आहे, कारण सगळा घोळ त्या व्याकरणातच होता.

पार्श्वभूमी

जिने हे काम माझ्याकडे आणलं ती इंग्लंडमध्ये जन्मलेली. तिची आजी मात्र लहानपणी पाच वर्षं वळिवड्याला होती. कोल्हापूरजवळच्या या गावी १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बायका आणि मुलंच जास्त. छावणी उठल्यावर त्याच जागी फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी लोक वसले. आज तिथे गांधीनगर आहे. आजी आईबरोबर इंग्लंडला गेली आणि पुन्हा कधी कोल्हापूरला आली नाही. नातीचं लग्न झालं सांगलीच्या मुलाशी, आणि वळिवड्याचं नाव साठेक वर्षांनी त्या घरात परत आलं. सासूबाई निवृत्त शिक्षिका. सुनेच्या आजीची हकिगत ऐकल्यापासून त्यांनीच जास्त ध्यास घेतला होता. म्हणून भाषांतर दोन भाषांत हवं होतं, इंग्रजीत आणि मराठीत.

आजीचा जन्म व्होल्हिनियातला, १९३२ चा. हा प्रदेश तेव्हा पोलंडमध्ये होता, आता युक्रेनमध्ये आहे. घरात सगळे समजत होते की आपण पिढ्यान् पिढ्या तिथलेच. त्यामुळे पहिली दोन वर्षं शोध तिकडेच चालला आणि हाती काही लागलं नाही. मग आजीच्या वडिलांचे सैनिकी कागद मिळाले. त्यात जन्मवर्ष १८९३ आणि जन्मगाव पोलंडमधल्या लुब्लिन शहराच्या आसपासचं. ते १९२० च्या पोलंड-सोव्हिएत युद्धात लढले होते. त्या वर्षीच्या डिसेंबरात झालेल्या कायद्याने सैनिकांना पूर्वेकडच्या भागात जमिनी दिल्या, त्यांतली एक त्यांना मिळाली. अशा वसाहतकऱ्यांना पोलिशमध्ये ‘ओसादनिक’ म्हणतात. १० फेब्रुवारी १९४० च्या पहाटे सोव्हिएत फौजांनी ज्यांना आधी उचलून उत्तरेकडे नेलं, ते हेच लोक आणि जंगलखात्यातली कुटुंबं. आजी तेव्हा सात वर्षांची होती.

गाव लुब्लिनकडचं निघालं आणि नोंदींचं स्वरूपच बदललं. पोलंडच्या जुन्या नोंदी कोणत्या भाषेत सापडतील हे तो भाग कोणाच्या राज्यात होता त्यावर ठरतं. ऑस्ट्रियाकडे गेलेल्या गालिसियात लॅटिन भाषेतले रकाने असतात, प्रशियाच्या भागात लॅटिन आणि जर्मन. लुब्लिनचा भाग १८०९ मध्ये वॉर्साच्या डचीत, म्हणजे नेपोलियनने उभारलेल्या छोट्या राज्यात, आला. डचीत १८०८ मध्येच नेपोलियनची संहिता लागू होऊन नागरी नोंदणी सुरू झाली होती, लुब्लिनकडे ती १८१० मध्ये आली. लिहिणारा बहुतेक ठिकाणी धर्मगुरूच, पण नोंद सरकारी. पुढे हा भाग रशियाच्या ताब्यातल्या पोलिश राज्यात गेला, आणि १८२६ पासून प्रत्येक धर्माची वही वेगळी झाली. भाषा पोलिश राहिली ती १८६८ पर्यंत. त्या वर्षी रशियनची सक्ती झाली आणि ती पहिल्या महायुद्धापर्यंत टिकली. म्हणजे या कुटुंबाची १८६८ च्या आधीची पिढी पोलिशमध्ये वाचायची आणि नंतरची रशियनमध्ये.

अडचण काय होती

ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्यापाशी चार नोंदींची छायाचित्रं होती. दोन जन्माच्या, १८५८ आणि १८६१ च्या. एक १८६० च्या लग्नाची. चौथी १८८७ च्या लग्नाची, रशियनमधली. सोबत एका नातलगाने हौसेने बनवलेला तक्ता होता. त्यात प्रत्येक नोंदीतून फक्त नाव, तारीख, आईबाप आणि व्यवसाय एवढं काढून घेतलेलं. थोडं यंत्राच्या मदतीने, थोडं शब्दकोश उघडून.

तक्त्यानुसार आजीचे आजोबा युझेफ १८५८ मध्ये जन्मले. वडील यान, व्यवसाय ‘बेलिफ’. आई मारियान्ना, ‘विल्कूव गावची’. १८६० चं लग्न आणि १८६१ चा जन्म यांच्यावर ‘दुसरं कुटुंब, संबंध नाही’ असा शेरा. त्यांतही बापाचं नाव यान, आईचं मारियान्ना, मुलाचं युझेफ, पण आईचं आडनाव वुइचिक. त्या काळी गावातल्या निम्म्या बायका मारियान्ना असाव्यात असं वाटण्याइतकं ते नाव या वह्यांत येतं, तेव्हा हा शेरा अगदीच चुकीचा म्हणता येत नव्हता.

शंका आली ती एका थडग्यामुळे. पोलंडमधल्या दूरच्या नातलगाने युझेफच्या कबरीचा फोटो पाठवला. दगडावर मृत्यूचं वर्ष १९२७ आणि खाली ‘आयुष्य ६६ वर्षं’. म्हणजे जन्म १८६१ चा. तीन वर्षांचा फरक तसा काही मोठा नाही, दगडावरची वयं अंदाजाचीच असतात. पण तिने मला विचारलं, आमचा युझेफ यांतला कोणता? पुढच्या उन्हाळ्यात ती नवऱ्याला आणि सासूबाईंना घेऊन पोलंडला जाणार होती, आणि प्रवासात विल्कूव नावाच्या गावाचा मुक्कामही ठरला होता.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय तिनेच सुचवला. तक्ता तपासून चुका दुरुस्त करायच्या. काम एका संध्याकाळचं.

दुसरा, दोन जन्मनोंदींचं पूर्ण भाषांतर करून तुलना करायची, कारण प्रश्न त्या दोन मुलांचाच होता.

तिसरा, चारही नोंदी आधी जशाच्या तशा पोलिश किंवा रशियनमध्ये उतरवून घ्यायच्या, ओळीला ओळ, आणि मग भाषांतर. वेळ तिप्पट.

एक चौथाही होता. पोलंडमधल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडे काम सोपवायचं. ही नोंद एखाद्या कार्यालयात दाखल करायची असती तर मी तोच रस्ता सांगितला असता, कारण माझ्या भाषांतराला कायद्याने काही किंमत नाही. इथे मात्र घरच्या वंशावळीपलीकडे उपयोग नव्हता.

मी तिसरा पर्याय धरला. या नोंदी रकान्यांच्या नसतात. प्रत्येक नोंद म्हणजे एकच लांबलचक वाक्य, आणि ते सगळीकडे जवळपास सारखं. सुरुवात ‘जावो शे’ या शब्दांनी, म्हणजे ‘घडलं असं’. जन्माची नोंद मराठीत आणली की साधारण अशी वाचता येते:

‘घडलं असं की, अमुक गावी, सन एक हजार आठशे अठ्ठावन्न, अमुक दिवशी सकाळी दहा वाजता हजर झाला यान, वय वर्षं तीस, अमुक वस्तीत राहणारा, अमुक आणि अमुक यांच्या समक्ष, आणि त्याने आम्हास एक मूल दाखवलं, लिंग पुरुष, जे जन्मलं अमुक दिवशी त्याची पत्नी मारियान्ना हिच्यापासून. या मुलास आज झालेल्या बाप्तिस्म्यात युझेफ हे नाव दिलं. हा लेख हजर असलेल्यांस वाचून दाखवला, आणि त्यांस लिहिता येत नसल्याने आम्हीच सही केली.’

जुनी खरेदीखतं किंवा मोडी कागद ज्यांनी हाताळले आहेत त्यांना ही चाल लगेच ओळखू येईल. ठरलेल्या शब्दांचा सांगाडा, आणि त्यात मधे कुठे तरी त्या माणसाविषयीचे दोन-तीन शब्द. तक्ता बनवणारा नावं आणि आकडे उचलतो, सांगाडा टाकून देतो, आणि सांगाड्याला चिकटलेले ते दोन-तीन शब्दही त्याच्याबरोबर जातात. वंशावळ शोधणाऱ्याला नेमके तेच हवे असतात. नोंद उतरवून काढताना डोळा एकही शब्द वगळू शकत नाही, म्हणून आधी उतरवून घेणं. हे माझं मत आहे, आणि या प्रकरणानंतर ते जास्तच ठाम झालं आहे.

काम: गाव नव्हे, माहेर

पहिली गाठ १८५८ च्या जन्मनोंदीत सुटली. आईचं नाव ‘मारियान्ना झ विल्कूव’ असं होतं. ‘झ’ या शब्दयोगी अव्ययाचा अर्थ ‘मधून’, ‘पासून’. नकाशावर विल्कूव नावाची गावं आहेत, एकाहून जास्त. तेव्हा ‘विल्कूवची मारियान्ना’ असं वाटणं साहजिक. मराठी माणसाला तर ते आणखीच साहजिक, कारण आपल्याकडे निम्मी आडनावं गावांना ‘कर’ लावून झालेली.

पण पोलिशमध्ये ‘झ’नंतर नामाचं रूप बदलतं. विल्कूव गावातून आलेली असती तर ‘झ विल्कोवा’ लिहिलं असतं. ‘झ विल्कूव’ हे ‘विल्क’ या आडनावाचं अनेकवचनी षष्ठीचं रूप आहे: विल्कांच्या घरातली, विल्कांपैकी. लग्न झालेल्या बाईचं जन्मघराचं आडनाव सांगायची ही ठरलेली पद्धत. दुसरीकडे ‘झ दोमू’ असंही लिहिलेलं सापडतं, शब्दशः ‘घरातून’. इंग्रजीत याला फ्रेंचमधून उसना घेतलेला शब्द वापरावा लागतो. मराठीत मी नुसतं ‘माहेरची विल्क’ लिहिलं आणि त्यात काही कमी पडलं नाही. विल्क म्हणजे लांडगा. सासूबाईंनी वाचताक्षणी विचारलं, म्हणजे आपल्याकडच्या लांडग्यांसारखंच का? अगदी तसंच.

यातून एक गोष्ट ठरली. १८५८ ची आई माहेरची विल्क आणि १८६१ ची आई माहेरची वुइचिक. बायका दोन. मग यान एक की दोन?

काम: एका शब्दाचा नवरदेव

उत्तर १८६० च्या लग्नाच्या नोंदीत होतं, ज्या नोंदीवर ‘संबंध नाही’ असा शेरा होता. तक्त्याने तिच्यातून यान, मारियान्ना वुइचिक आणि वर्ष एवढंच घेतलं होतं. पूर्ण उतरवल्यावर यानच्या नावापुढे ‘व्दोव्येत्स’ दिसला, म्हणजे विधुर, आणि त्यापुढे ‘गेल्या वर्षी मरण पावलेल्या मारियान्ना, माहेरची विल्क, हिच्या पश्चात’. यान एकच होता. बायका दोन, दोघींचं नाव मारियान्ना. तीन-चार शब्दांत दोन कुटुंबांचं एक कुटुंब झालं.

बाकी नोंद नेहमीसारखी. तीन रविवारी चर्चमध्ये लग्नाची जाहीर घोषणा झाल्याचं, कोणी हरकत न घेतल्याचं, आणि नवरानवरीने विवाहपूर्व करार केला नसल्याचं. हे शेवटचं वाक्य पाहून काही कुटुंबांना वाटतं की आपल्या पूर्वजांपाशी करार करण्याइतकी मालमत्ता असावी. तसं काही नाही. ते कायद्याने लिहावंच लागे, जमीनदाराच्या लग्नातही आणि मजुराच्या लग्नातही.

तारखेवर मात्र थांबलो. ‘आठ/वीस फेब्रुवारी’ असं जोडीने लिहिलेलं. तक्त्याने अशा सगळ्या ठिकाणी पहिला आकडा उचलला होता. रशियाच्या साम्राज्यात जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालत होती, पोलिश लोक ग्रेगोरियन वापरत. म्हणून दोन्ही लिहीत, आधी जुनी, मग नवी. एकोणिसाव्या शतकात दोहोंत बारा दिवसांचं अंतर होतं, विसाव्यात तेरा. तक्त्यातली प्रत्येक तारीख बारा दिवस मागे होती. लग्न झालं ते २० फेब्रुवारी १८६० ला, सोमवारी. त्या वर्षी राखेचा बुधवार २२ तारखेला होता, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू व्हायला दोन दिवस होते. उपवासकाळात लग्न लागत नसे, त्यामुळे त्याच्या आधीच्या आठवड्यांत या वह्या लग्नांनी भरून जातात. तारीख नीट लावली की ती लगेच त्या गावाच्या वर्षात जाऊन बसते.

निर्णयाची जागा: पुढे शोधायचं की थांबायचं

माझ्याकडे काम भाषांतराचं होतं, शोधाचं नव्हतं. १८८७ ची रशियन नोंद पूर्ण वाचल्यावर युझेफचं वय २६ आणि आई माहेरची वुइचिक असं स्पष्ट लिहिलेलं निघालं. थडग्यावरचं वय जुळलं. आजीचे आजोबा १८६१ चे, दुसऱ्या मारियान्नाचे. प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं आणि इथे थांबता आलं असतं.

मला थांबवेना. १८५८ चा युझेफ जिवंत असता तर त्याच बापाने दुसऱ्या मुलाचं नाव पुन्हा युझेफ ठेवलं नसतं. मूल गेलं की पुढच्याला तेच नाव देण्याची रीत होती. पण ‘असं असावं’ आणि ‘असं आहे’ यांत अंतर असतं, आणि वंशावळीत एका मुलाला मेलेला लिहायचं तर त्याची नोंद हवी. मी तिला कळवलं की दोन मृत्युनोंदी शोधल्या तर कडी पक्की होईल, त्याचा वेगळा खर्च घेणार नाही, पण पंधरा दिवस जातील. ती हो म्हणाली. पोलिश वंशावळ संस्थेच्या ‘गेनेटेका’ या सूचीत दोन्ही मृत्यू १८५९ मध्ये सापडले. प्रतिमा तिने सरकारी अभिलेखागाराच्या संकेतस्थळावरून उतरवल्या आणि मला पाठवताना, मदत म्हणून, फक्त हवी ती नोंद कापून पाठवली.

त्या कापण्यातून माझी चूक झाली.

माझी चूक

आईच्या मृत्युनोंदीत मी तारीख वाचली ‘तीन/पंधरा मार्च’. मार्चला पोलिशमध्ये या जागी ‘मार्त्सा’ लिहितात आणि मेला ‘माया’. शाई फिकी, शब्दाचा शेवट घाईत ओढलेला. अंतर बारा दिवसांचं बरोबर होतं, तेव्हा मला शंका आली नाही. मी भाषांतर पाठवून दिलं.

तीन दिवसांनी मुलाची नोंद उतरवली. युझेफ, वय एक वर्ष एक महिना, मृत्यू एप्रिल १८५९. ‘यान आणि मारियान्ना, माहेरची विल्क, या दांपत्याचा मुलगा’. इथे मी अडलो. आई मार्चमध्ये गेली असती तर धर्मगुरूने एप्रिलच्या नोंदीत तिच्या नावाआधी ‘दिवंगत’ लिहिलं असतं. त्याच वहीत दुसऱ्या मुलांच्या नोंदींत त्याने ते न चुकता लिहिलं होतं. इथे ते नव्हतं. म्हणजे एप्रिलमध्ये आई जिवंत होती.

मी तिच्याकडे पूर्ण पान मागितलं. नोंदी क्रमाने लिहिलेल्या असतात, त्यामुळे शेजारी पाहिलं की तारीख कळते. आधीची नोंद मेमधली, नंतरचीही मेमधली. शब्द ‘माया’च होता. पुन्हा पाहिल्यावर त्यात ‘त्स’ला जागाच नव्हती, आधी मला ती दिसली कशी हे सांगता येत नाही.

मूल आधी गेलं, महिन्याभरात आई. नोंदीत मृत्यूचं कारण नाही, या नोंदींत ते बहुधा नसतंच. त्यामुळे दोघांना एकच आजार होता की काय हे मी लिहिलं नाही, तिने विचारलं तरी लिहिलं नाही. नोंदीत इतकंच आहे: ‘मागे विधुर पती यान यास सोडून’. मग ‘तिच्या मरणाची समक्ष खात्री करून घेतल्यावर’ हे ठरलेलं वाक्य. आणि नऊ महिन्यांनी, उपवासकाळाच्या दोन दिवस आधी, दुसरं लग्न.

माझ्या चुकीने युझेफचा प्रश्न बदलला नसता. पण माझ्या पहिल्या भाषांतरात आई आधी मरत होती आणि आईविना वाढणारं मूल मागून. सासूबाईंनी ते वाचून तशी चार ओळींची टिपणी वहीत लिहूनही ठेवली होती. ती त्यांना खोडावी लागली, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

बेलिफचं काय झालं

सगळ्यांत अवघड भाग हा होता. १८५८ च्या नोंदीत यानचा व्यवसाय ‘कोमोर्निक’. आजच्या पोलिशमध्ये हा शब्द न्यायालयाच्या बेलिफासाठी वापरतात, आणि यंत्राने तेच दिलं होतं. त्यावरून घरात एक छोटी कथा तयार झाली होती: पूर्वज कोर्टात नोकरीला होते, लिहितेवाचते होते. नोंदीच्या शेवटी ‘लिहिता येत नाही’ असं असूनही ती टिकली, कारण ते वाक्य तक्त्यात आलंच नव्हतं.

एकोणिसाव्या शतकातल्या खेड्यात कोमोर्निक म्हणजे ज्याला स्वतःची जमीन नाही, घर नाही, आणि जो दुसऱ्या शेतकऱ्याच्या घरातली एखादी खोली घेऊन मजुरी करून राहतो तो. ‘कोमोरा’ म्हणजे खोली, त्यावरून शब्द झाला. मराठीत माझ्या मनात आधी ‘उपरी’ आला. मिरासदार आणि उपरी यांतला भेद जुन्या कागदांत वाचलेला असतो. पण उपरी कसायला जमीन घेतो, फक्त तिच्यावर त्याचा वंशपरंपरा हक्क नसतो. कोमोर्निकाकडे कसायलाही काही नसतं. म्हणून भाषांतरात ‘कोमोर्निक’ तसाच ठेवला आणि तळटीप दिली: दुसऱ्याच्या घरात आसऱ्याला राहणारा भूमिहीन मजूर. १८६१ च्या नोंदीत यान ‘विरोब्निक’ आहे, म्हणजे रोजंदारीवरचा मजूर, आणि १८८७ च्या रशियन नोंदीत मुलगाही शेतमजूर. टीप त्यांच्याशी जुळली.

हे कळवायचं कसं, यावर मी फारसा विचार केला नाही. भाषांतराबरोबर ईमेलमध्ये एका ओळीत लिहून टाकलं. दोन दिवस उत्तर आलं नाही. मग तिचा फोन आला आणि ती फक्त एवढंच म्हणाली की आईला हे सांगणं जड जातंय. ‘आई’ म्हणजे तिची आई, आजीची मुलगी. कोर्टातल्या पूर्वजाची गोष्ट त्यांनी लहानपणी मुलांना सांगितली नव्हती, ती तक्त्यातूनच आली होती, अवघी चार वर्षांची. तरी ती गेली तेव्हा घरातलं काही तरी हरवल्यासारखं झालं.

त्या फोनवर मी तिला पुढची कडी सांगितली, जी आधीच सांगायला हवी होती. पोलिश राज्यात १८६४ मध्ये झारच्या हुकुमाने शेतकऱ्यांना ते कसत असलेल्या जमिनीची मालकी मिळाली. जे कसतच नव्हते, दुसऱ्याच्या खोलीत राहत होते, त्यांना बहुतेक ठिकाणी काही मिळालं नाही. यान त्यांतला. युझेफ त्यांतला. युझेफचा मुलगा १९२० मध्ये लढून आला आणि व्होल्हिनियात जमीन मिळते म्हणून गेला. उपलब्ध नोंदींत जमीन असलेला या घरातला तो पहिला माणूस. ती जमीन होती म्हणून १९४० च्या फेब्रुवारीत त्याच्या दारात ट्रक आला. तो का गेला हे कोणत्याही कागदात लिहिलेलं नाही, हा माझा तर्क आहे आणि मी तो तर्क म्हणूनच सांगितला. पण आजी सैबेरियाच्या वाटेने, इराणमार्गे कोल्हापूरला कशी पोचली याचं एक टोक त्या ‘कोमोर्निक’ शब्दात दिसतं. बेलिफ लिहून ठेवला असता तर ते दिसलं नसतं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, हे सगळं तळटिपेत लिहा. लिहिलं.

निष्पत्ती

सहा नोंदींचा संच तयार झाला, पाच पोलिश आणि एक रशियन. प्रत्येकीची उतरवलेली मूळ प्रत, इंग्रजी आणि मराठी भाषांतर, आणि जिथे वाचन पक्कं नाही तिथे चौकटी कंस. १८६१ चा युझेफ १७ मार्चला जन्मला आणि १९ तारखेला, संत जोसेफच्या सणाच्या दिवशी, त्याचा बाप्तिस्मा झाला. थोरल्याचा जन्मही त्याच महिन्यातला, ६ मार्चचा. मुलाला जवळच्या संताचं नाव देण्याची पद्धत पाहता दोघांचं नाव एकच पडण्यात जुन्या दुःखाइतकाच पंचांगाचाही भाग असू शकेल.

एक गोष्ट जमली नाही. लग्नाच्या वेळी जोडलेले कागद, ज्यांना तिकडे ‘अलेगाता’ म्हणतात, त्यात वराच्या जन्मनोंदीचा उतारा क्रमांकासह असतो. १८८७ चे अलेगाता मिळाले असते तर शंकेला जागाच उरली नसती. मी ते मिळतील असं बोलून गेलो होतो. त्या धर्मग्रामाचे त्या वर्षाचे कागद जपलेलेच नाहीत असं अभिलेखागाराने कळवलं. कडी आता वय, आईचं माहेर आणि थोरल्याचा मृत्यू या तीन गोष्टींवर उभी आहे. मला ती पुरेशी वाटते.

विल्कूवचा मुक्काम रद्द झाला.

पुन्हा काम आलं तर

चित्र कापलेलं असेल तर मी आता काम सुरूच करत नाही. पूर्ण पान, शक्य तर आधीचं आणि नंतरचंही, आणि त्याबरोबर अभिलेखागाराचा संग्रह क्रमांक, वहीचं वर्ष आणि नोंद क्रमांक. हे सगळं आधी मागितलं असतं तर मार्च आणि मे यांचा गोंधळ झाला नसता.

एकाच घराच्या नोंदी एकेक करून पाठवणं हीही चूक होती. त्या एकमेकींना तपासतात. मुलाच्या नोंदीने आईची तारीख दुरुस्त केली, आणि दोन्ही माझ्या टेबलावर एकत्र असत्या तर चुकीचं भाषांतर बाहेर गेलंच नसतं. आता संच पूर्ण झाल्याशिवाय काही पाठवत नाही, कितीही घाई असली तरी.

तक्ता बनवणाऱ्या नातलगाला या सगळ्यात कमी लेखलं गेलं, तेही टाळता आलं असतं. त्याने सूची धुंडाळून चार नोंदी शोधल्या नसत्या तर कामच सुरू झालं नसतं. मी दुरुस्त्यांची यादी थेट तिला पाठवली, त्याला नाही. आधी त्याच्याशी बोलायला हवं होतं. नंतर बोललो, तेव्हा १८५७ ची एक नोंद त्याच्याकडे पडून असल्याचं कळलं. ‘विल्कूव’ गावातलं लग्न नाही म्हणून त्याने ती बाजूला ठेवली होती. पहिल्या लग्नाची नोंद तीच. मारियान्नाचे आईबाप त्यात आहेत, दोघंही त्याच गावचे. माहेर आणि सासर यांत काही घरांचंच अंतर होतं.

आणि ‘कोमोर्निक’सारखा शब्द आला तर ईमेल नाही. फोन.

आणखी एक गोष्ट, सासूबाईंमुळे घडलेली. वंशावळीच्या अंतिम नकाशात सुनेने यान, दुसरी मारियान्ना आणि धाकटा युझेफ एवढेच घेतले होते, कारण रक्ताची रेघ तिथूनच जाते. सासूबाईंनी मराठी प्रत वाचून विचारलं, पहिली कुठे आहे? ती आपली कोणी लागत नाही, असं सुनेने सांगितलं. तिचं नाव लिहायला जागा आहे ना, असं त्या म्हणाल्या. नकाशा पुन्हा काढला. यानच्या डावीकडे आता मारियान्ना, माहेरची विल्क, आणि तिच्याखाली युझेफ, वय एक वर्ष एक महिना.